माहितीफलकाचा नमुना : एकदा ठरवावा, पुनःपुन्हा वापरावा

मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवली तालुक्याचा सातबारा आणि गडचिरोलीकडील एखाद्या खेड्याचा सातबारा शेजारी ठेवल्यास दोहोंतील जमीन निराळी, माणसे निराळी. मांडणी मात्र एकच आढळते. कर्जाचा बोजा पाहावयाचा असेल तर जाणत्या शेतकऱ्याची नजर आपोआप 'इतर अधिकार' या रकान्याकडे वळते. तो रकाना गावोगाव निरनिराळ्या ठिकाणी असता, तर बोजाची जमीन निर्वेध समजून विकत घेणारे कितीतरी निघाले असते.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील तक्ता असो वा संगणकाच्या पडद्यावरील माहितीफलक असो, ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांनी हीच रीत अनुसरावी. पाऊस वरच्या बाजूस, पेरणी मध्ये, कीडरोग खाली असे एकदा ठरले की हंगामागून हंगाम ते ढळू देऊ नये. रंगांची निवड तर मुळीच लहरीने करू नये. भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या चार रंगांनी इशारा देतो. लाल म्हणजे तातडीने कृती करा, असे लोकांच्या मनात ठसत असता गावच्या फलकावर 'पेरणी पूर्ण' हे लाल रंगात लिहिणे घातक आहे. उद्या खरा लाल इशारा लागला, तर शेतकरी त्याकडे सहज पाहून पुढे जाईल.

तथापि नमुना उचलताना डोळे झाकू नयेत. 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या मुसळधार पावसात सांताक्रूझ वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदविला. जुन्या आलेखाची पट्टी 300 वरच संपत असेल, तर असा पाऊस तीवर मावणार कोठे? सातबाऱ्याचेही असेच झाले. 2020 साली त्याच्या नमुन्यात सुधारणा करताना बिनशेती जमिनीसाठी पिकांच्या नोंदीचा गाव नमुना 12 अनावश्यक ठरविण्यात आला. जेथे पीकच नाही तेथे रिकामे रकाने वागवून काय लाभ?

संगणकावर काम करणाऱ्यांनी मागील महिन्याचा भरलेला तक्ता पुसून पुन्हा वापरू नये. एखादा जुना आकडा हटकून मागे राहतो. कोरा नमुना वेगळा जपावा, त्याची प्रत काढावी, एकके व पट्टी तपासावी आणि मगच आकडे भरावेत. कोपऱ्यात नोंदीची तारीख अवश्य घालावी.