गेकोच्या टाकीत फरशी कोणती?

कोल्हापूर जिल्ह्यात सापडलेल्या एका पालीला, म्हणजे गेकोला, २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ असे नाव दिले. तिची जागा रानातच. आपल्याकडची रानटी पाल पकडून पाळणे हा विषयच नको. जगभर पाळला जातो तो मुख्यतः लेपर्ड गेको, अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. तो घेण्याआधी वन विभागाकडे नियमांची चौकशी करावी.

वाळवंटी प्राणी म्हणून टाकीत वाळू पसरायची, ही सर्रास होणारी चूक. गेको किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतो, ती आतड्यात साचते आणि पोट तुंबते. दुकानात मिळणारी ‘कॅल्शियम वाळू’ही सुरक्षित नाही, ओली झाली की तिचे गोळे होतात. पिल्लांना आणि आजारी गेकोला साधा टिश्यू पेपर उत्तम: विष्ठा लगेच दिसते, कागद बदलता येतो. मोठ्यांसाठी माझी पसंती शहाबादी फरशीच्या तुकड्याला. ती खरबरीत असते, ऊब धरते, पुसायला सोपी आणि नखेही झिजवते. टाकीखालच्या हीटरला मात्र थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजेल. कार्पेटच्या धाग्यांत नखे अडकतात. देवदाराचा भुसा टाळाच. त्याचा उग्र वास श्वसनाला बाधतो.

कात टाकण्यासाठी एका कोपऱ्यात ओलसर शेवाळाची डबी ठेवावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या डबीला बुरशी लवकर धरते, तेव्हा शेवाळ वरचेवर बदला.