चुंबक, पाणी आणि जमाखर्च

गेल्या रविवारी आमच्या गॅलरीत एक कारखाना उघडला. मालक नववीतला नातू. भांडवल म्हणजे स्कूटरची जुनी बॅटरी, निकामी सेलमधून काढलेल्या कार्बनच्या दोन कांड्या, आजीच्या नकळत आणलेला धुण्याचा सोडा आणि मोडक्या लाऊडस्पीकरमधला गोल चुंबक. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता आधीच रंगवून झाला होता: ‘चुंबक लावा, हायड्रोजन वाढवा’. आधी निष्कर्ष आणि मग प्रयोग, हा क्रम मोठमोठ्या योजनांतही पाहिलेला असल्यामुळे मी काही बोललो नाही. “सोड्याऐवजी मीठ टाकू का?” एवढे त्याने विचारले, तेव्हा मात्र हात धरला. मिठाच्या पाण्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पाण्यातून वीज नेली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हे १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाहिले. पुढे १८३४ साली फॅरडेने त्याचा हिशेब जगापुढे ठेवला. जेवढी वीज वाहील तेवढाच वायू. एक अँपिअर तासभर वाहिला, तर खोलीच्या तापमानाला साधारण ४५० मिलिलिटर हायड्रोजन. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला हा नियम फार आवडतो. यात कुठेही ‘संकीर्ण’ नावाचे खाते नाही.

पहिल्या दहा मिनिटांत उलट्या धरलेल्या मोजपात्रात ३० मिलिलिटर वायू जमला. मग चुंबक भांड्याला चिकटपट्टीने बांधला. ३३! नातवाने गॅलरीतच उडी मारली.

“आता चुंबक काढ आणि पुन्हा कर,” मी म्हटले.

पुन्हा ३३. त्याचा चेहरा उतरला. भांड्याला हात लावून पाहिला, तर पाणी कोमट झाले होते. कोमट पाण्यातून वीज सहज वाहते. वाढ उष्णतेची होती, श्रेय चुंबक घेत होता.

खालच्या दुकानातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडून मीटर आणला आणि दुसऱ्या दिवशी दर वेळी ताजे, गार पाणी घेऊन सगळे पुन्हा केले. चुंबकाशिवाय ०.४० अँपिअर, ३० मिलिलिटर. चुंबकासह ०.४१ अँपिअर, ३१ मिलिलिटर. म्हणजे वायू वाढला असेलच तर विजेचा खर्चही त्याच मापाने वाढला होता. आणि एका मिलिलिटरचा फरक तर डोळ्यांच्या चुकीनेही पडतो.

चुंबक अगदीच निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. वीज वाहणाऱ्या द्रावणाला चुंबकामुळे आडवा धक्का बसतो, पाणी ढवळले जाते, कांडीला चिकटलेले बुडबुडे लवकर सुटतात. बुडबुड्यांनी अडवलेली वाट मोकळी झाली की तेवढ्याच वायूला थोडे कमी व्होल्ट पुरतात. प्रयोगशाळांत हे दिसलेले आहे. ही बचत खरी, पण तिला तळ आहे. सुमारे १.२३ व्होल्टच्या खाली खोलीच्या तापमानाला पाणी फुटत नाही, मग चुंबक केवढाही आणा.

हे सगळे मला १९८७ साली ठाऊक असते तर! एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एक वेल्डर कर्जाचा अर्ज घेऊन आला. बरोबर पत्र्याचा डबा, त्याला बाहेरून चुंबक बांधलेले. “साहेब, यातल्या गॅसवर इंजीन चालेल, इंजीन डायनामो फिरवेल, डायनामो डब्याला वीज देईल. शिल्लक राहील ती आपली.” तारण, राहते घर. मी ‘योजना व्यवहार्य नाही’ असा शेरा मारला. त्याने सावकार गाठला आणि दोन वर्षांत घर गेले.

अमेरिकेत ओहायोच्या स्टॅन्ली मेयरने पाण्यावर मोटार चालवतो म्हणून पैसे घेतले. १९९६ साली न्यायालयाने ती फसवणूक ठरवली आणि दोन गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले. आमचा वेल्डर तसा नव्हता, त्याने फसवले ते स्वतःला. हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच होते आणि फार तर घातलेली ऊर्जा परत मिळते. त्यातलीही पाव-एक भागच इंजीन कामाला लावते. हे त्याच्यासमोर मीटर ठेवून दाखवता आले असते. माझा शेरा बरोबर होता, पण त्यामागचे कारण मला माहीत नव्हते, म्हणून त्याला सांगता आले नाही. ते घर मला अजून आठवते. दारात पारिजातक होता.

नातवाला वायू बाटलीत भरून वर्गात न्यायचा होता. त्याला साफ नाही म्हटले. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला, तर एका ठिणगीने स्फोट होतो. मोकळ्या गॅलरीत मोजायचा आणि सोडून द्यायचा.

तक्त्याचे काय करायचे, यावर तो दोन दिवस घुम्यासारखा बसला होता. बुधवारी रात्री त्याने पांढरा रंग फासून मथळा बदलला: ‘चुंबकाने हायड्रोजन वाढतो का’. खाली तिन्ही दिवशीचे, म्हणजे फसलेल्या पहिल्या दिवसाचेसुद्धा, सगळे आकडे लिहिले. प्रश्नचिन्हाला जागा उरली नव्हती, ते त्याने चौकटीच्या बाहेर काढले आहे.