तारेच्या कुंपणातील सेवा

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आजही एका वस्तीचे नाव आहे. पत्ता सांगताना तो शब्द सहज उच्चारला जातो. त्यामागचे तारेचे कुंपण मात्र थोड्यांनाच आठवते. एखाद्या समाजावर केवळ जन्मावरून अन्याय होत असेल, तर धर्मसंस्थेने काय करावे, या प्रश्नाच्या चर्चेत अमेरिकेतील उदाहरणे तत्परतेने दिली जातात. वास्तविक त्या प्रश्नाची कसोटी या गिरणगावातच लागून गेली आहे.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा हे व्यक्तीचे कृत्य न मानता जमातीचा वारसा मानला. 1911 च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट आदी जमातींची कुटुंबे वसाहतींत आणण्यात आली. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून बाहेर जावयाचे नाही. मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला.

सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. 1813 साली मुंबईस आलेल्या या मिशनने अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळेची आणि प्रार्थनामंदिराची दारे उघडली, हे ऋण महाराष्ट्राने नाकारण्याचे कारण नाही. वसाहतीतही त्याने शिक्षण दिले, कामधंदा लावून दिला. मिशन नसते तर त्या जागी केवळ पोलीस असते, हा युक्तिवादही खोटा नाही. परंतु दया दाखविणाऱ्या हातातच हजेरीची वहीही होती, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

येथे अर्थकारणही पाहिले पाहिजे. 1877 साली सुरू झालेल्या ‘जुन्या मिल’नंतर सोलापुरात गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना मनुष्यबळ हवे होते. वसाहतीतील अनेक स्त्री-पुरुष गिरण्यांत काम करू लागले. त्यांना मजुरी मिळे, हे खरे. परंतु कामगाराला ‘नाही’ म्हणता येते, तेव्हाच मजुरीचा करार हा करार ठरतो. काम सोडून गाव बदलण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या घामाचा भाव बाजार ठरवीत नाही, कुंपण ठरविते.

याच मिशनची मातृसंस्था बॉस्टनची. त्या देशातही चर्चला हा प्रश्न चुकला नाही. 1963 साली बर्मिंगहॅममधील आठ गोऱ्या धर्मोपदेशकांनी निदर्शने थांबवून धीर धरण्याचा सल्ला दिला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना प्रसिद्ध पत्र लिहिले. शांतता म्हणजे केवळ गडबडीचा अभाव नव्हे. न्यायाची उपस्थिती हवी, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. पुढे 1965 साली बॉस्टनचे धर्मोपदेशक जेम्स रीब सेल्माच्या आंदोलनात सामील झाले आणि गोऱ्या हल्लेखोरांच्या मारहाणीत प्राणास मुकले. सल्ला देणारे आणि रस्त्यावर उतरणारे, दोघेही एकाच धर्मग्रंथाचे वाचक होते. फरक श्रद्धेचा नव्हता. अन्यायाच्या कोणत्या बाजूस उभे राहावयाचे, याचा होता.

तो कायदा देशभरात 1952 साली रद्द झाला. कुंपण गेले, परंतु शिक्का पुसला गेला नाही. सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी जुना संशय नव्या नावाने पुढे चालविला. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके होते, 2008 साली अहवाल दिला. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवावे लागले. विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीचा समाचारही त्याच निकालात आहे.

म्हणूनच हा केवळ एका मिशनचा इतिहास नाही. देऊळ, मशीद, चर्च, शाळा, कचेरी या सर्वांनाच तो प्रश्न विचारतो. चोरी झाली की पोलीस प्रथम पारध्याच्या पालाकडे वळतात, तेव्हा त्या पालातील मुलाला वही-पुस्तके देणे ही सेवा आहे. त्याच्या बापाला पुराव्यावाचून का नेले, असे ठाण्यात जाऊन विचारणे हा न्याय आहे. पहिल्या कामाबद्दल सत्कार होतात. दुसऱ्याबद्दल बहुधा वैर पत्करावे लागते. कोणत्याही धर्मसंस्थेची परीक्षा त्या दुसऱ्या कामातच होते.