प्रिझम धरणारा पोरगा

जेसीबीचा पंजा मातीत घुसायच्या आधी कुणीतरी सांगावं लागतं की खड्डा नेमका कुठे खणायचा. ते काम सर्व्हेअरचं. जागेवरची आखणी, म्हणजे लाइनआऊट, देऊन तो मोकळा झाला असं मात्र होत नाही. शेवटचा स्लॅब पडेपर्यंत दर मजल्यावर त्याची गाठ पडतेच. त्याच्या हाताखाली बहुतेक साइटवर एक शिकाऊ असतो. दहावीनंतर आयटीआयमधून दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड केलेला, 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली करार होऊन आलेला. कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. म्हणून त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नाही. मुकादमाच्या लेखी तो ‘सर्व्हेवाला पोरगा’. काम अडलं की पहिली हाक त्यालाच.

आयटीआयत त्याने थिओडोलाइटवर कोन वाचलेले असतात, ट्रॅव्हर्सची गणितं सोडवलेली असतात. साइटवर मात्र सुरुवातीला यंत्राला हात लावू देत नाहीत. कोन आणि अंतर मोजणाऱ्या टोटल स्टेशनच्या डोळ्याला डोळा लावायचा साहेबांनी, आणि याने उन्हात प्रिझमचा दांडा धरून उभं राहायचं. पोरं हिरमुसतात. मला विचाराल तर धंद्यातली ही फार शहाणी रीत आहे, कारण निम्म्या चुका त्या दांड्याच्या टोकाशीच जन्माला येतात.

दांडा 2 मीटर उंच केलेला आहे असं धरा. तो फक्त अर्धा अंश कलला तर वर बसवलेला प्रिझम खालच्या टोकापासून सतरा मिलिमीटर सरकतो. यंत्र बिचारं वरच्या काचेचं अंतर मोजतं; दांडा कुठे टेकलाय हे त्याला कळत नाही. पाच सेकंदांचं साधं टोटल स्टेशन 100 मीटरवर कोनात जी चूक करील, ती अडीच मिलिमीटरच्या आतली. म्हणजे लाखो रुपयांचं यंत्र जे अचूक देतं, ते हात ढिला पडलेला पोरगा क्षणात घालवतो. आयएस 456 हे भारतीय मानक काँक्रीटच्या कॉलमच्या मापात 12 मिलिमीटर जास्त आणि 6 मिलिमीटर कमी इतकीच सूट देतं, ही गोष्ट सोबत ठेवली की दांडा सरळ आहे का ते दाखवणाऱ्या गोल बुडबुड्याकडे बघत उभं राहणं काय असतं ते लक्षात येतं. प्रिझमचा स्थिरांक ही दुसरी खोड. काही प्रिझमना उणे 30 मिलिमीटर धरावे लागतात, काहींना शून्य. यंत्रात चुकीचा आकडा राहिला तर प्रत्येक अंतर सारखंच तीन सेंटिमीटरनी चुकतं. सगळंच सारखं चुकल्यामुळे ते सहजी नजरेलाही येत नाही.

उंची काढायच्या लेव्हलच्या स्टाफचं, म्हणजे आकड्यांच्या पट्टीचं, तंत्र वेगळं. स्टाफ पुढे-मागे हलकेच झुलवायचा आणि यंत्रावरच्याने सर्वांत कमी वाचन टिपायचं. स्टाफ ओळंब्यात असतो त्याच क्षणी वाचन कमीत कमी येतं. लांबून बघणाऱ्याला पोरगा खेळतोय असं वाटतं.

लाइनआऊटच्या दिवशी फक्की, दोरी, खुंट्या, खिळे. कॉलमच्या सेंटरलाइनी प्रत्यक्ष जागेवर ठोकून उपयोग नसतो, खोदाईत त्या उडणारच. म्हणून ओळ खड्ड्याच्या बाहेर लांबवून तिथे खुंट्या ठोकतात, काँक्रीटमध्ये बसवतात, लाल रंग फासतात. तरीही दोन दिवसांत एखादी खुंटी डंपरखाली जातेच. काटकोनासाठी तीन-चार-पाच आजही चालतं, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजल्याखेरीज जुना सर्व्हेअर सही करत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नसते: प्लॉटची हद्द. ती ठरवायची भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापकाने, मोजणीचा अर्ज करून. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी पद्धत बसवली, तिच्या 33 फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 मिळून एकर. खरेदीखतात गुंठे, ड्रॉइंगमध्ये मीटर. शिकाऊ पोरगा दोन्ही भाषा याच साइटवर शिकतो.

उंचीचा घोळ तर मुंबईत जास्तच. देशभर उंची समुद्रसपाटीपासून धरतात. मुंबई महापालिकेच्या जुन्या नाल्या-रस्त्यांच्या कामांत मात्र ‘टाउन हॉल डेटम’ असतो, एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाउन हॉलच्या नावाचा. दोन्हींत वीस मीटरहून जास्त फरक आहे. इतका मोठा फरक लगेच पकडला जातो, हे एक बरं. दहा-पंधरा मिलिमीटरचा पकडायला डोकं लागतं.

खरी परीक्षा होते ती काँक्रीटच्या रात्री. गेटवर आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या उभ्या, ड्रम फिरतोय, मुकादम ओरडतोय, “काय भाऊ, अजून किती? माल सेट व्हायला लागला!” अशा वेळी शटरिंगवर बसून “एक मिनिट दादा, पुन्हा एकदा घेतो” म्हणायला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला जी छाती लागते, ती कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. पाठीशी सर्व्हेअर उभा राहिला तर पोरगा टिकतो. नाही राहिला, तर तो लवकरच ‘ठीक आहे’ म्हणायला शिकतो आणि मग त्याला ती सवय जन्मभर पुरते.

आता उपग्रहांवरून जागा सांगणारे जीएनएसएस रोव्हर आले आहेत. मोकळ्या माळावर रस्त्याचं काम असेल तर दांडा टेकवला की सहनिर्देशक हजर, प्रिझमचीही गरज नाही. बेसमेंटच्या दोन मजले खाली आभाळच दिसत नाही, तिथे उपग्रह काय करणार? तिथे खाली यंत्र लावायचं, ओळखीच्या दोन बिंदूंवर नेम धरून स्वतःची जागा काढायची आणि पुढे कामाला लागायचं.

यंत्र पोराच्या ताब्यात द्यायचं ठरलं की पहिल्यांदा बहुधा ऑटो लेव्हलच देतात, आणि आधी दोन खुंट्यांची चाचणी करायला लावतात. खुंट्या पन्नास-साठ मीटर अंतरावर. एकदा बरोबर मध्ये उभं राहून दोन्हींतला फरक काढायचा. मध्ये असल्यामुळे यंत्राचा दोष दोन्हीकडे सारखा पडून कटतो. मग एका खुंटीला खेटून यंत्र लावायचं आणि तोच फरक पुन्हा काढायचा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर लेव्हल पेटीत जाते, दुरुस्तीला. मुकादमाला तसं सांगायला त्या दिवशी पोरालाच पाठवतात.