शाळा नाही, पण दोन भाषा आहेत

तेलुगू घरात, दख्खनी बाजारात आणि हिंदी कामावर, असे हैदराबादेत लाखो लोकांचे चालते. त्यासाठी कुणी क्लास लावत नाही. याच शहरातल्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे 'निम्स'मध्ये, मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. विसरभोळेपणाची पहिली लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांत सरासरी ६१व्या वर्षाच्या सुमारास दिसली होती, तर या ३९१ जणांत सुमारे साडेचार वर्षांनी उशिरा. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

त्याआधी कॅनडातल्या टोरंटोमध्ये एलन बियालिस्टॉक यांनाही असाच फरक आढळला होता. पण तिथले बरेचसे द्विभाषिक रुग्ण स्थलांतरित होते. परदेशी जाऊन बस्तान बसवणारा माणूस मुळातच अधिक धडधाकट असेल, ही शंका रास्त होती. शिक्षणाचाही प्रश्न होताच, कारण बहुतेक ठिकाणी दुसरी भाषा शाळेतूनच येते. हैदराबादेत या दोन्ही शंका बाजूला ठेवता आल्या. इथले लोक स्थलांतरामुळे द्विभाषिक झालेले नव्हते. शिवाय कधीही शाळेत न गेलेल्या निरक्षर रुग्णांतही दुसरी भाषा येणाऱ्यांना आजार उशिरा गाठत होता. मला या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

हे कशामुळे होत असेल? विओरिका मारियान आणि मायकेल स्पायव्ही यांच्या एका प्रयोगातून याचा धागा मिळतो. रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर काही वस्तू ठेवल्या होत्या, त्यात एक टपाल तिकीट आणि एक मार्कर पेन. तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. रशियनमध्ये 'तिकीट उचला' असे सांगितले की हात तिकिटाकडेच जाई, पण त्याआधी नजर बऱ्याचदा मार्करकडे वळे. सूचना पूर्णपणे रशियन असूनही इंग्रजी डोक्यात जागीच होती. दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूला त्यातली एक सतत आवरून धरावी लागते. दिवसभर, आयुष्यभर चालणाऱ्या या कसरतीमुळे मेंदूची राखीव ताकद वाढत असावी, असा अनेक संशोधकांचा कयास आहे.

कयासच म्हणायला हवे. निरोगी माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या काही अभ्यासांत हा फायदा दिसला नाही. द्विभाषिक मुलांचे लक्ष अधिक एकाग्र असते, हा दावाही प्रत्येक चाचणीत टिकलेला नाही. हैदराबादच्या रुग्णांनाही आजार झालाच, फक्त उशिरा. मात्र ज्या घरात म्हातारपणी स्मृती जाताना पाहिली आहे, त्यांना साडेचार वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

दोन भाषांनी मुलांची बुद्धी मंदावते, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तज्ज्ञही मानत. १९६२ साली मॉन्ट्रियलच्या दहा वर्षांच्या मुलांवर पील आणि लँबर्ट यांनी केलेल्या अभ्यासाने त्या समजाला मोठा धक्का दिला. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाशी घरात मराठी बोलायचे नाही, सोलापुरात तेलुगू किंवा कन्नड बोलायचे नाही, असे ठरवणारे पालक आजही भेटतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, मुलाच्या इंग्रजीसाठी घरची भाषा बंद करू नका. आजीला तिच्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलू द्या.