नकाराची प्रशासकीय कसोटी

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची अंतिम गुणवत्ता यादी २०२५ गुणांच्या आधारे ठरते. त्यांपैकी १७५० गुण मुख्य परीक्षेतील लेखी उत्तरांसाठी, तर २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी असतात. या चाचणीत माहितीपेक्षा उमेदवाराचा समतोल, निर्णयशक्ती व सचोटी यांची पारख होते. त्यामुळे ‘आपण जिल्हाधिकारी आहात, लोकप्रतिनिधींची मागणी मान्य करता येत नाही, आपण काय कराल?’ अशा प्रश्नाची तयारी उमेदवाराने ठेवणे इष्ट होय.

अशा प्रश्नाला सामान्यतः दोन टोकांची उत्तरे दिली जातात. ‘नियमात बसत नाही, म्हणून नकार देईन’ हे पहिले उत्तर. ‘विचार करतो, पाहू, असे सांगून वेळ मारून नेईन’ हे दुसरे. पहिल्यात सचोटी दिसते, परंतु संवेदनशीलता दिसत नाही. दुसऱ्यात सौजन्य असले तरी मागणी करणारा खोट्या आशेवर राहतो आणि अन्य मार्ग शोधण्याचा त्याचा काळ वाया जातो.

वस्तुतः नकार हा प्रशासनाचा अपवाद नसून नित्याचा भाग आहे. साधने मर्यादित आणि गरजा अनेक, हे अर्थशास्त्राचे मूळ सूत्र जिल्ह्याच्या नियोजनासही लागू पडते. एका गावाच्या रस्त्यास दिलेला होकार हा दुसऱ्या गावाच्या पाणीपुरवठ्यास दिलेला अबोल नकार असू शकतो. म्हणून नकार द्यावा की नाही, यापेक्षा तो कोणत्या निकषावर व कोणत्या रीतीने द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

या रीतीचा उत्तम आदर्श माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये आढळतो. माहिती नाकारताना जन माहिती अधिकाऱ्याने नकाराची कारणे, अपिलाची मुदत व अपील प्राधिकाऱ्याचा तपशील अर्जदारास कळवावा, असे कलम ७(८) सांगते. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे हस्तांतरित करावा लागतो. कलम १० अन्वये, जो भाग देता येण्याजोगा आहे तो वेगळा करून देता येतो. सकारण नकार, योग्य ठिकाणी मार्गदर्शन, शक्य तेवढी अंशतः पूर्तता आणि दाद मागण्याची वाट, अशी चतुःसूत्री यातून हाती येते.

एक उदाहरण घेऊ. देवस्थानाच्या आवारात सभागृह बांधावे, अशी मागणी घेऊन ग्रामस्थांचे शिष्टमंडळ खासदारांच्या शिफारशीसह आले आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत खासदार कामाची शिफारस करतात. मंजुरी मात्र जिल्हा प्राधिकरण देते. प्रार्थनास्थळाच्या आवारातील कामे या योजनेत अनुज्ञेय नाहीत. येथे उमेदवाराने प्रथम गरज समजून घ्यावी. गावाला सभा-समारंभासाठी जागा हवी आहे, हे लक्षात आल्यास नियमातील अडचण स्पष्टपणे सांगून, सार्वजनिक जागेवर सामुदायिक सभागृहाचा प्रस्ताव सुचवावा आणि निर्णय सकारण, लेखी स्वरूपात खासदारांना कळवावा. मागणी नाकारली गेली तरी गरजेची दखल घेतली गेली, असे ग्रामस्थांना वाटले पाहिजे.

मागणी वरिष्ठांची असेल तेव्हा कसोटी अधिक कठीण होते. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणातील २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर कृती करू नये, तर त्यांची लेखी नोंद ठेवावी, असे स्पष्ट केले. म्हणून आदेश लेखी मागणे ही अवज्ञा नव्हे. नम्रपणे कायदेशीर अडचण निदर्शनास आणणे आणि आपले मत संचिकेवर नोंदविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

उत्तर देताना शौर्याचा आविर्भाव टाळावा. प्रत्येक मागणीमागे भ्रष्ट हेतू गृहीत धरणे हेही पूर्वग्रहाचेच लक्षण मानले जाईल. स्वविवेकाधिकारास वाव असेल तेथे केवळ जोखीम नको म्हणून दिलेला नकारही सदोषच होय. पूर्वी नोकरी केलेल्या उमेदवारास स्वानुभव विचारला गेल्यास त्याने खरा प्रसंग, नकाराचे कारण, सुचविलेला पर्याय व त्याचा परिणाम या क्रमाने थोडक्यात सांगावे; आपली चूक झाली असल्यास तीही मान्य करावी.

लोकशाहीत नागरिक प्रशासनाकडे हक्काने येतो. त्याची प्रत्येक मागणी मान्य होणे शक्य नाही. परंतु प्रत्येक नकारामागील कारण त्यास कळणे शक्य आहे, आणि आवश्यकही.