पंख्याची पिन

होडीच्या मागच्या फळीला टांगावयाचे यंत्र अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली विक्रीस आणले. आज कोकण किनाऱ्यावरील लहान होड्यांवरही ते दिसते.

यंत्र गरजते आणि होडी मात्र जागची हालत नाही, तेव्हा पुष्कळदा यंत्र बिघडलेलेच नसते. अनेक लहान यंत्रांत पंखा व त्याचा दांडा यांना मऊ धातूची एक पिन जोडते. पंखा खडकावर आपटला की ती तुटते. ती तुटण्यासाठीच बसवलेली असते. ती टिकली तर गिअरचे दात जातील. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकणारा मनुष्य आम्हांला फ्यूजऐवजी जाड तार बांधणाऱ्या कारखानदाराचा सख्खा भाऊ वाटतो! दोन जादा पिना व पक्कड होडीत असली म्हणजे दिवसाची मजुरी बुडत नाही.

मात्र हात घालण्यापूर्वी यंत्र बंद करून स्पार्क प्लगची तार काढावी. गेलेल्या बोटांची भरपाई मिळवताना मजुराचे किती हाल होतात, हे आम्ही संघटनेच्या कामात पुरेसे पाहिले आहे.

जाळ्याची नायलॉन दोरी अधिक कपटी. ती पंख्यामागे दांड्याला गुंडाळते, तेलाचे सील कापते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गिअरचे तेल दुधाळ झाले असेल तर पाणी आत शिरले म्हणून समजावे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावे लागते.

पात्याची बारीक खोक कानशीने घासता येते. पाते वाकले असेल तर यंत्र थरथरते, बेअरिंगे झिजतात. तो पंखा कारागिराकडेच न्यावा.